फोटो आधी कोण उघडतो?

दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि पुढे एप्रिल-मे हा महाबळेश्वरचा सीझन. या दिवसांत बाजारपेठेतल्या कुठल्याही मध्यम लॉजच्या काउंटरवरचा फोन पाहावा, त्यात अनोळखी माणसांच्या फोटोंची रांग लागलेली असते. पाहुणा आगाऊ रकमेच्या पेमेंटचा स्क्रीनशॉट पाठवतो, घरातल्या सगळ्यांच्या आधार कार्डांचे फोटो टाकतो, कधी कार्ड उलटे, कधी अर्धे कापलेले. नंबर सेव्ह केलेला नसतो, ओळख नसते, तरी फोटो उघडावाच लागतो, कारण बुकिंग त्यावरच पक्के व्हायचे असते. भिलार-पाचगणीच्या पठारावरचा स्ट्रॉबेरी उत्पादक मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्याला पेटीचा फोटो पाठवतो. तासगावचा बेदाणा आणि सांगलीची हळद यांचा मालही पुष्कळदा आधी फोनच्या पडद्यावर पाहिला जातो आणि मग हातात घेतला जातो. अशा माणसांना सायबर सुरक्षेचा सगळ्यात लाडका सल्ला दिला जातो : अनोळखी नंबरवरून आलेला फोटो उघडू नका. धंदा बंद ठेवा, असे सांगण्यासारखेच हे आहे. पण सल्ला गैरसोयीचा आहे एवढीच तक्रार असती तर ती सोसता आली असती. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. हा सल्ला धोक्याची जागाच चुकीची दाखवतो. फोटोतून खरोखरच हल्ला होतो, पण तो तुमच्या बोटाने होत नाही. तो होतो फोटो वाचणाऱ्या प्रोग्राममधल्या चुकीमुळे, आणि हा प्रोग्राम बहुतेक वेळा तुमच्या आधीच फोटो उघडून बसलेला असतो.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. एप्रिल २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या जबलपूरच्या एका माणसाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो डाउनलोड केला आणि त्याच्या खात्यातून सुमारे दोन लाख रुपये गेले, ही बातमी देशभर फिरली. तिच्याबरोबर स्टेगॅनोग्राफी, म्हणजे चित्राच्या आत गुपचूप मजकूर दडवण्याची विद्या, हा शब्दही गाजला. त्यानंतर चारच महिन्यांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, आपल्या हिंगोली जिल्ह्यात एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाचे आमंत्रण आले. त्याने ते उघडले आणि सुमारे एक लाख नव्वद हजार रुपये गमावले. हिंगोलीच्या प्रकरणात फोटोचा काही दोष नव्हता. लग्नपत्रिकेची पीडीएफ वाटावी अशी ती एपीके फाइल होती, म्हणजे अँड्रॉइड फोनवर नवे अ‍ॅप बसवणारी फाइल. ती दाबली की फोन विचारतो, अ‍ॅप इन्स्टॉल करायचे का? पत्रिका बघण्याच्या नादात माणूस हो म्हणतो आणि अ‍ॅप एसएमएस वाचण्याची परवानगीही मागून घेते. इथे माणूस फसतो, यंत्र सांगितले तसेच वागते. आणि स्टेगॅनोग्राफीचे म्हणाल तर चित्रात दडवलेला मजकूर आपणहून काहीच करत नाही. तो बाहेर काढून चालवणारा दुसरा कुणीतरी फोनमध्ये आधीच बसलेला असावा लागतो. या दोन्ही प्रकारांत ‘फाइलचे खरे रूप ओळखा, अ‍ॅप बसवू नका’ हा सल्ला अगदी योग्य आहे. गडबड होते ती तोच सल्ला तिसऱ्या प्रकाराला लावल्यावर. तिथे फाइल खरोखर चित्राची असते, माणूस कशालाच हो म्हणत नाही, आणि तरीही फोन किंवा संगणक दुसऱ्याच्या ताब्यात जातो.

हे कसे शक्य आहे, असा प्रश्न कुणालाही पडेल. फोटो म्हणजे रंगांचे ठिपके, तो काय करणार? पण फाइलमध्ये ठिपके जसेच्या तसे नसतात. बारा मेगापिक्सेलच्या फोटोचे सगळे ठिपके सुटे लिहिले तर छत्तीस एमबी जागा लागेल. जेपेगमध्ये तोच फोटो तीन-चार एमबीत बसतो. म्हणजे फाइलमध्ये असते ती चित्र पुन्हा उभे कसे करायचे याची आटोपशीर कृती. ती कृती वाचून ठिपके तयार करणाऱ्या प्रोग्रामला डीकोडर म्हणतात. जेपेग फाइल तुकड्यातुकड्यांची असते. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला खुणेचे दोन बाइट, त्यांच्यामागे दोन बाइटमध्ये त्या तुकड्याची लांबी, आणि मग मजकूर. यातला एक तुकडा टिप्पणीचा असतो, छायाचित्रकाराला चार शब्द लिहून ठेवता यावेत म्हणून. नियम असा की लांबीच्या आकड्यात त्या आकड्याचे स्वतःचे दोन बाइटही धरायचे. म्हणून टिप्पणी अगदी कोरी असली तरी लांबी दोनपेक्षा कमी असूच शकत नाही. डीकोडर लांबी वाचतो, तिच्यातून दोन वजा करतो आणि उरेल तितके बाइट मेमरीत उतरवून घेतो. आता कुणी मुद्दाम लांबीच्या जागी शून्य लिहिले तर? शून्यातून दोन गेले, उरले उणे दोन. पण ३२ बिटांच्या ज्या खात्यात हा आकडा ठेवला जातो तिथे ऋण संख्येला जागाच नसेल, तर तेच बिट ४,२९,४९,६७,२९४ असे वाचले जातात. चारशे एकोणतीस कोटींहून अधिक बाइट उतरवायचा हुकूम सुटतो, राखून ठेवलेली जागा केव्हाच संपते आणि फाइलमधला मजकूर शेजारच्या मेमरीवर लिहिला जाऊ लागतो. त्या शेजारी प्रोग्रामने पुढे काय करायचे याचे पत्ते ठेवलेले असतात. तेच हवे तसे बदलले की फाइलमधला मजकूर आज्ञा म्हणून चालू लागतो. सांगलीच्या मार्केट यार्डात पावतीवरचा आकडा खरा मानून गोणी न मोजता कुणी माल उतरवून घेत नाही. डीकोडरने नेमके तेच केले.

हे काल्पनिक उदाहरण नाही. जुलै २००० मध्ये सोलर डिझायनर या टोपणनावाने लिहिणाऱ्या रशियन सुरक्षातज्ज्ञाने नेटस्केप ब्राउझरमधली ही चूक जाहीर केली. कसलाही आडपडदा न ठेवता, टिप्पणीची लांबी आणि वजाबाकी यांच्यासकट. त्यानंतर चार वर्षांनी, १४ सप्टेंबर २००४ रोजी, मायक्रोसॉफ्टला आपल्या जीडीआय प्लस या चित्रे दाखवणाऱ्या भागासाठी पॅच काढावा लागला. चूक तीच, जेपेगच्या टिप्पणीच्या लांबीतून दोन वजा करण्याची. जगाला सांगून झालेली चूक जगातली सगळ्यात मोठी सॉफ्टवेअर कंपनी चार वर्षांनी विकत असते, या गोष्टीवर मला थोडे थांबावेसे वाटते. कारण दोष ‘अनोळखी फोटो’ उघडणाऱ्यावर ढकलण्याची सवय लागली की ही बाजू नजरेआड होते. २००४ च्या त्या प्रकरणात आणखी एक तिढा होता. तो भाग विंडोज एक्सपीत होता, ऑफिसमध्ये होता, आणि कितीतरी इतर प्रोग्रामनी त्याची आपापली प्रत सोबत बाळगलेली होती. विंडोज दुरुस्त केले तरी बाकीच्या प्रती तशाच राहिल्या.

आता ‘उघडू नका’ या शब्दांकडे येऊ. २००५ च्या डिसेंबरात, नाताळ नुकताच झाला असताना, विंडोजच्या डब्ल्यूएमएफ या जुन्या चित्रप्रकारातली त्रुटी उघडकीला आली. हा प्रकार विंडोजच्या सुरुवातीच्या काळातला. त्या काळी छपाई मंद होती, मध्येच थांबवायची सोय हवी होती, म्हणून चित्राच्या फाइलमध्येच ‘छपाई रद्द झाली तर हा कोड चालव’ असे लिहायची मुभा ठेवलेली होती. म्हणजे इथे वजाबाकीही चुकलेली नव्हती. सोय म्हणून ठेवलेले दार पंधरा वर्षांनी चोराला सापडले. अशा चित्राने संगणक बळकवायला ते उघडावेही लागत नव्हते. फोल्डर उघडला की विंडोज चित्रांच्या छोट्या प्रतिमा तयार करते, आणि त्यासाठी चित्र वाचावेच लागते. एफ-सिक्युअर या फिनलंडच्या कंपनीने तर दाखवून दिले की डिस्कवरच्या फाइल शोधता याव्यात म्हणून त्यांची सूची करणारा गुगल डेस्कटॉप हा प्रोग्रामसुद्धा वाचता वाचता सापळा उडवतो. माणूस चहा प्यायला गेलेला असला तरी चालते. मायक्रोसॉफ्टने ठरलेल्या दिवसाची वाट न बघता ५ जानेवारी २००६ रोजी पॅच काढला.

फोनवर हे आणखी पुढे गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये अ‍ॅपलने जी त्रुटी बंद केली ती इस्रायलच्या एनएसओ ग्रुपचे पेगासस हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर फोनमध्ये घुसवायला वापरली जात होती. तिला फोर्स्डएंट्री असे नाव पडले. आयमेसेजवर एक फाइल यायची, नावापुढे जीआयएफ, पोटात मात्र पीडीएफ, आणि तिच्या आत जेबिग-टू या पद्धतीने दाबून बसवलेले चित्र. जेबिग-टू ही फॅक्स आणि स्कॅनरसाठी केलेली पद्धत. पानावर एकसारखी दिसणारी अक्षरे एकदाच साठवायची आणि ठिकठिकाणी तीच वापरायची. गुगलच्या प्रोजेक्ट झिरो गटातल्या इयान बिअर आणि सॅम्युएल ग्रोस यांनी ही फाइल सोडवली तेव्हा त्यांना त्यात सत्तर हजारांहून अधिक आज्ञांचे तुकडे आढळले. चित्रावर ठिपके जोडण्याच्या आणि पुसण्याच्या साध्या क्रियांमधूनच हल्लेखोरांनी बेरीज आणि तुलना करू शकणारा एक छोटा संगणक उभा केला होता. चित्र आणि प्रोग्राम यांच्यातली रेषा किती पुसट आहे याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये याच मार्गावर दुसरी मोहीम चालली. ओसीसीआरपी या शोधपत्रकारांच्या संस्थेचे दक्षिण आशियाचे संपादक आनंद मंगनाळे यांच्या आयफोनवर २३ ऑगस्टला आयमेसेजमधून असा हल्ला झाल्याच्या खुणा अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या तपासनिसांना मिळाल्या. हल्ला यशस्वी झाला की नाही हे त्या तपासातून ठरले नाही. त्यांच्या फोनवर त्या दिवशी मिळणारे सगळ्यात नवे आयओएस १६.६ होते, आणि त्या त्रुटीची दुरुस्ती अ‍ॅपलने ७ सप्टेंबरला दिली. म्हणजे त्या दोन आठवड्यांत सावध माणसाच्या हातात करण्यासारखे फारसे काही नव्हते. लॉकडाउन मोड हा कडक पर्याय आधीच चालू केलेला असता तर हल्ला अडला असता, असे नंतर अ‍ॅपल आणि टोरंटोच्या सिटिझन लॅब या संशोधन गटाने सांगितले. पण तो पर्याय बहुतेक प्रकारच्या फाइल संदेशातून येऊच देत नाही. लॉजवाल्याला तो परवडणार नाही.

इथे रास्त आक्षेप येतो. पेगाससला कोट्यवधी रुपये मोजावे लागतात. ते पत्रकार, वकील, राजकारणी यांच्यामागे लागते. महाबळेश्वरच्या काउंटरवरच्या फोनसाठी कोण एवढा खर्च करील? त्याच्यासाठी हिंगोलीची एपीके पुरेशी आहे. त्रुटी नवी असते त्या पहिल्या महिन्यापुरते हे अगदी खरे आहे, आणि महाराष्ट्रात आज सामान्यांचे पैसे जातात ते बहुतांशी दुसऱ्याच वाटेने, फसवून बसवलेल्या अ‍ॅपने किंवा फोनवरच्या बतावणीने, हेही मान्य करायला हवे. पण त्रुटीची किंमत कायम राहत नाही. पॅच निघाला की जुने आणि नवे सॉफ्टवेअर शेजारी ठेवून नेमके काय बदलले ते कुणालाही शोधता येते. २००४ च्या पॅचनंतर काही दिवसांतच सापळा लावलेले जेपेग बनवून देणारी आयती साधने फिरू लागली होती. २००५ च्या डब्ल्यूएमएफ त्रुटीचा फायदा हेरांनी एकट्यांनी घेतला नाही, जाहिराती लादणाऱ्या फुटकळ टोळ्यांनी साध्या वेबसाइटांवरून तो घेतला. महागडे हत्यार जुने झाले की स्वस्त होते, आणि तेव्हा ज्यांची यंत्रे अपडेट झालेली नाहीत तेच उघड्यावर राहतात. असेच अपडेट न झालेले यंत्र लॉजच्या काउंटरवर, शेतकऱ्याच्या खिशात आणि व्यापाऱ्याच्या पेढीवर असते.

दुसरा आक्षेप असा की व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करते, त्यात सापळा मोडून पडत असेल. साध्या फोटोच्या बाबतीत हे होते, पण ते होते पाठवणाऱ्याच्या फोनवर. संदेश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुलूपबंद असल्याने मधल्या सर्व्हरला फोटो उघडून पाहताच येत नाही. ज्याला सापळाच पाठवायचा आहे तो तो दाबून मोडणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये पालो आल्टो नेटवर्क्स या सुरक्षा कंपनीच्या युनिट ४२ या गटाने लँडफॉल नावाच्या हेरगिरी सॉफ्टवेअरबद्दल अहवाल काढला. ते सॅमसंग गॅलेक्सी फोनांवर चित्रातून घुसत असे. सापडलेल्या काही फाइलींची नावे ‘व्हॉट्सअ‍ॅप इमेज’, मग तारीख, मग वेळ, शेवटी जेपेग अशी, म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या गॅलरीत शेकड्यांनी असतात तशीच होती. आत मात्र डीएनजी हा कॅमेऱ्याच्या कच्च्या फोटोचा प्रकार होता आणि त्याच्या शेपटीला एक झिप फाइल जोडलेली होती. नाव वाचून फोटो ओळखा, असे सांगणाऱ्यांनी हे एकदा पाहावे. जुने नमुने जुलै २०२४ मधले होते. त्रुटी सॅमसंगने एप्रिल २०२५ मध्ये बुजवली. त्याचे बळी मध्यपूर्वेतले असावेत असा अहवालाचा अंदाज आहे, पण तेच गॅलेक्सी फोन आपल्याकडेही विकले जातात.

मग व्हॉट्सअ‍ॅपचे ऑटो-डाउनलोड बंद करावे का? जरूर करावे, विशेषतः ज्या नंबरवर अनोळखी लोक येतात त्यावर. त्याने एक दार बंद होते. पण पाहुण्याचे आधार कार्ड शेवटी डाउनलोड करावेच लागते, आणि मग गॅलरी, छोटी प्रतिमा, काउंटरच्या संगणकावर प्रिंट काढताना तिथला प्रोग्राम असे एकामागून एक वाचक रांगेत उभे असतात. अँटिव्हायरस ओळखीचा सापळा पकडतो, नव्या सापळ्यापुढे त्याचे फारसे चालत नाही. शिवाय फाइल तपासायला त्यालाही ती वाचावीच लागते, म्हणजे रांगेत आणखी एक डीकोडर वाढला. काउंटरसाठी वेगळा स्वस्त फोन ठेवावा, त्यावर बँकेचे अ‍ॅप आणि मालकाचे यूपीआय नसावे, हा उपाय मला यांतला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. तो फोटोला निर्दोष करत नाही, फक्त सापळा उडाला तरी हाती लागेल ते कमी करतो.

पण या सगळ्या पळवाटा वापरणाऱ्याच्या बाजूने आहेत, आणि माझ्या मते दुरुस्तीची जागा दुसरीकडे आहे. डीकोडर बहुतेक सी आणि सी++ या भाषांत लिहिलेले असतात. या भाषा वेगवान, पण मेमरीच्या कुंपणाची राखण त्या प्रोग्रामरवर सोपवतात. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले होते की त्यांच्या दुरुस्त्यांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या अशाच चुकांच्या असतात. चांगले प्रोग्रामर नेमा, हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही, हे लिबवेबपीच्या प्रकरणाने दाखवले. वेबपी हा गुगलचा चित्रप्रकार. त्याचा डीकोडर वर्षानुवर्षे वेड्यावाकड्या फाइल भरवून आपोआप तपासला जात होता. त्यात चित्र दाबून लहान करणाऱ्या हफमन कोड या पद्धतीचे तक्ते किती मोठे होतील याचा हिशेब आधीच करून जागा राखलेली होती. हिशेब बरोबर होता, पण तो फक्त नियमात बसणाऱ्या फाइलींसाठी. नियम मोडणारी फाइल आली तर तक्ता आधी भरला जाई आणि नियम मोडल्याचे नंतर कळे. अ‍ॅपल आणि सिटिझन लॅब यांनी ही त्रुटी ६ सप्टेंबर २०२३ रोजी कळवली आणि ११ तारखेला क्रोमची दुरुस्ती आली. नोंद मात्र आधी केवळ क्रोमची त्रुटी अशी झाली. प्रत्यक्षात तोच डीकोडर फायरफॉक्समध्ये, एजमध्ये आणि ब्राउझरच्या पायावर उभारलेल्या असंख्य डेस्कटॉप प्रोग्राममध्ये बसलेला होता. २००४ चाच तिढा, एकोणीस वर्षांनी.

उलट बाजूचा पुरावाही आहे. गुगलने अँड्रॉइडमधला नवा कोड रस्टसारख्या, मेमरीची राखण स्वतः करणाऱ्या भाषांत लिहायला घेतला. अँड्रॉइडच्या त्रुटींमध्ये मेमरीच्या चुकांचा वाटा २०१९ मध्ये ७६ टक्के होता, तो २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला. या काळात लोक फोटो उघडताना अधिक सावध झाले म्हणून हे घडले, असे कुणी म्हणणार नाही. अ‍ॅपलने आयमेसेजची फाइल वाचणारा भाग ब्लास्टडोर नावाच्या वेगळ्या कोठडीत टाकला. फोर्स्डएंट्रीने त्याला वळसा घातला तो जीआयएफचे काम कोठडीबाहेर होत होते म्हणून. म्हणजे उपाय अपुरा पडला तो अर्धवट राबवल्यामुळे.

राहिला प्रश्न दुरुस्ती शेवटच्या फोनपर्यंत पोचण्याचा. विंडोज ७ ची नेहमीची दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबली, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. काउंटरवरचा जुना संगणक मात्र त्या तारखेला बंद पडत नाही. तो पाहुण्यांची आधार कार्डे प्रिंट करत राहतो. गुगलने पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ ला सात वर्षांच्या अपडेटचे वचन दिले, पण हे महागडे फोन. बहुतेक स्वस्त फोनांना ही मुदत त्याहून कमी मिळते, आणि काउंटरवर स्वस्तच फोन असतो. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून असा नियम लागू केला की फोनचे मॉडेल विकणे थांबल्यावरही किमान पाच वर्षे कंपनीने अपडेट दिली पाहिजेत. कंपन्यांना हे परवडणार नाही असे म्हणता येत नाही, कारण त्याच कंपन्या तिथे ते करू लागल्या आहेत, आणि एकदा तयार झालेली दुरुस्ती इथल्या फोनला पाठवायला वेगळा कारखाना लागत नाही. फोन थोडे महाग होतील, हा आक्षेप मात्र खरा आहे. तरी महाबळेश्वरचा लॉजवाला किंवा तासगावचा बेदाणावाला फोन घ्यायला दुकानात उभा राहतो तेव्हा खोक्यावर एमआरपी छापलेली असते, उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेले असते. या फोनला सुरक्षेची शेवटची दुरुस्ती कोणत्या महिन्यात मिळेल, हेही त्याच ओळीत छापायला सांगता येईल, आणि मग दोन फोनांच्या किमतींतला फरक कशाचा आहे ते त्याला दुकानातच कळेल.